विजेची परतीची वाट

आगगाडींत खिडकीशीं जागा मिळावी म्हणून भांडणारे आमचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. डोक्यावरच्या तारेकडे पाहणारे थोडे. गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एका मुलानें मात्र तिकडे पाहिलें, आणि वर्गांत येऊन त्यानें असा प्रश्न विचारला कीं, तास संपेपर्यंत आम्हांस दुसरें कांहीं शिकवितां आलें नाहीं. तो म्हणाला, "सर, प्रयोगशाळेंत तुम्ही दिवा लावतां तेव्हां त्याला दोन तारा जोडतां. एक काढली कीं दिवा विझतो. मग आमची बोरिवलीची लोकल एकाच तारेवर कशी धावते?"

प्रश्न दिसण्यांत साधा आहे. परंतु विजेच्या मंडलाचें बहुतेक शास्त्र त्याच्या पोटांत आहे. म्हणून तोच धागा धरून हा लेख लिहीत आहों. पालकांनींही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण ज्या प्रसंगामुळें आम्हीं लेखणी हातीं धरली, तो शाळेंत नव्हे, एका घरांत घडला. तो योग्य स्थळीं सांगूं.

प्रथम प्रयोगशाळेंतील गोष्ट घेऊं. विजेरीचा एक सेल, हातभर तार आणि विजेरींतला जुन्या पद्धतीचा लहान दिवा, एवढें साहित्य पुरे. सेलच्या डोक्यापासून दिव्यापर्यंत तार नेली कीं दिवा लागावा, अशी बहुतेक मुलांची कल्पना असते. नळांतून घागरींत पाणी यावें तशी तारेंतून दिव्यांत वीज येते, असें त्यांस वाटतें. तार नीट लावतात, घट्ट धरतात, पण दिवा कांहीं लागत नाहीं. मग कोणी एक जण, बहुधा चुकूनच, दिव्याचें पितळी अंग दुसऱ्या तारेनें सेलच्या बुडाशीं जोडतो, आणि दिवा एकदम उजळतो. सेलच्या डोक्यापासून निघावें, दिव्यांतील बारीक तारेंतून जावें आणि सेलच्या बुडाशीं परत यावें, असा अखंड फेरा पुरा झाल्यावांचून वीज वाहत नाहीं. ह्या फेऱ्यास मंडल म्हणतात. हल्लींच्या पाठ्यपुस्तकांत त्यास परिपथ असा शब्द आहे. आम्हांस जुना शब्द अधिक आवडतो, कारण वाटोळेपणा त्यांत डोळ्यांस दिसतो.

येथें एक गैरसमज मुळांतूनच काढून टाकावयास हवा. "दिवा वीज खातो" असें आपण सहज बोलून जातों. वस्तुतः दिव्यांत जेवढी वीज शिरते तेवढीच दुसऱ्या टोकानें बाहेर पडते. तिच्यांतला कणही दिवा ठेवून घेत नाहीं. सायकलची सांखळी पाहा. पायटा फिरविला कीं सांखळी फिरते आणि मागचें चाक फिरतें. चाकानें सांखळी खाल्ली काय? सांखळी जेवढी पुढें गेली तेवढी परत आली. चाकानें घेतले ते आपल्या पायांचे श्रम. तसेंच येथें. खर्च होते ती शक्ति. वीज केवळ ती वाहून आणणारी. पायटा हलतांक्षणीं मागचें चाक हलतें, कारण सांखळी आधींपासून सर्वत्र आहेच. तारेंतही विजेचे कण आधींपासून सर्वत्र भरलेले असतात; म्हणून बटण दाबतांच दिवा लागतो. ते कण स्वतः मात्र किती सावकाश सरकतात हें ऐकून मुलांस नवल वाटतें. विजेरीच्या तारेंत त्यांची गति सेकंदास एका मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. गोगलगाय त्यांच्यापुढें सहज निघून जाईल!

घरांत येणाऱ्या विजेची रीत थोडी निराळी आहे. ती सेकंदास ५० वेळां पुढें-मागें होते. लांकडें कापणारे दोघे जण मोठी करवत आळीपाळीनें ओढतात, त्यांत करवत कोठेंच जात नाहीं, तरी ओंडका कापला जातो. त्यांतलाच हा प्रकार. परंतु तेथेंही फेरा अखंड असावा लागतो, हा नियम सुटत नाहीं.

आतां लोकलकडे वळूं. तिच्या छपरावरील सांगाड्याचा हात, ज्याला पँटोग्राफ म्हणतात, तो वरच्या तारेस घांसत जातो. तेथून वीज गाडीच्या यंत्रांत येते, यंत्रांतून आंसांत, आंसांतून लोखंडी चाकांत, चाकांतून रुळांत. आणि रुळांतून, कांहीं अंशीं जमिनींतूनही, उपकेंद्राकडे परत जाते. दुसरी तार आपल्या पायाखालीं आहे. ती तारेसारखी दिसत नाहीं, एवढेंच. आमच्या विद्यार्थ्यास हें कळतांच त्यानें पुढचा प्रश्न टाकला, "मग रुळाला हात लावला तर शॉक कां बसत नाहीं?" त्याचें उत्तर असें कीं, रूळ जमिनीवर पसरलेले व जमिनीशीं जोडलेले असतात, त्यांच्यांत आणि आपल्या पायाखालच्या भूमींत विजेच्या दाबाचा फरक सहसा फारच थोडा असतो. फरक नाहीं तेथें प्रवाह नाहीं. (रूळ ओलांडूं नयेत हें खरेंच, पण त्याचें कारण वीज नव्हे, मागून येणारी गाडी आहे.)

मुंबईंत ही विजेची गाडी पहिल्यानें धांवली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, त्या वेळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गानें. भारतांतील ही पहिली विजेवरची आगगाडी होय. पश्चिमेकडे ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. अंधेरीच्या रहिवाशांस कोळशाच्या धुरावांचून कचेरींत जातां येऊं लागलें तें तेव्हांपासून. दोन्हीं ठिकाणीं तारेंत १५०० व्होल्टचा दाब असे. आज त्याच मार्गांवर २५,००० व्होल्टचा दाब आहे. हा बदल कां करावा लागला तें कळण्यासाठीं दाब, प्रवाह आणि रोध ह्या तिघांचें नातें समजून घ्यावें लागेल.

हें नातें ज्यानें शोधून काढलें तो गेऑर्ग सायमन ओहम हा एक शाळामास्तर होता, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. जर्मनींतील कोलोन शहराच्या शाळेंत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवी, आणि शाळेच्याच उपकरणांवर फावल्या वेळांत प्रयोग करी. त्या काळच्या घटांचा दाब क्षणोक्षणीं बदले. त्यामुळें मोजमाप जुळेना. तेव्हां त्यानें घट सोडून दिले. दोन निरनिराळ्या धातूंचे सांधे करून एक उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेविला, आणि त्यापासून मिळणारी क्षीण परंतु स्थिर वीज वापरली. १८२७ सालीं त्याचें पुस्तक निघालें. स्वदेशीं त्याचें फारसें स्वागत झालें नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक दिलें तें १८४१ सालीं, चौदा वर्षांनीं.

ओहमचा नियम तोंडपाठ नसलेला विद्यार्थी विरळा, आणि समजलेला त्याहून विरळा. दाब म्हणजे विजेस ढकलणारा जोर. तो व्होल्टमध्यें मोजतात. प्रवाह म्हणजे दर सेकंदास किती वीज वाहते तें माप; तें अँपियरमध्यें. रोध म्हणजे वाटेची अडचण, ती ओहममध्यें. दाबास रोधानें भागलें कीं प्रवाह येतो. आपल्या घरीं २३० व्होल्टचा दाब असतो. पूर्वींच्या ६० वॉटच्या पिवळ्या दिव्यांतील तार तापली असतां तिचा रोध सुमारें ८८० ओहम भरे. भागाकार केला तर प्रवाह अँपियरचा जेमतेम पावभाग. १००० वॉटच्या इस्त्रीचा रोध अवघा ५३ ओहम. म्हणून तिच्यांतून चार अँपियरांहून अधिक प्रवाह जातो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत "रोध जास्त म्हणून इस्त्री जास्त तापते" हें वाक्य आम्ही दरवर्षीं वाचतों आणि दरवर्षीं त्यावर तांबडी रेघ मारितों. दाब तोच असेल तर कमी रोधाची वस्तु अधिक तापते. दोन उघड्या तारा एकमेकींस चिकटल्या तर रोध जवळजवळ उरतच नाहीं, आणि शेंकडों अँपियरांचा लोंढा धांवूं लागतो. तेथें फ्यूजची बारीक तार स्वतः वितळून मंडल तोडते व घर वांचविते. ती वितळली म्हणून तिच्या जागीं जाड तार गुंडाळणारा गृहस्थ, चोर आला असतां भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधतो असें समजावें.

घरांतील दिवे, पंखे, इस्त्री हीं सारीं समांतर जोडलेलीं असतात. प्रत्येकाची जाण्या-येण्याची वाट निराळी; प्रत्येकास पुरे २३० व्होल्ट मिळतात; एक बंद केलें तरी दुसरें चालतें. दिवाळींत खिडकीवर सोडतात त्या लहान दिव्यांच्या माळेंत दिवे एकसर असतात, म्हणजे एकाच फेऱ्यांत एकामागून एक. त्यांत दाब वांटला जातो, आणि एक दिवा गेला कीं सबंध ओळ विझते. जुन्या लोकलमध्यें दोन्हीं रीतींचा मोठा चतुर उपयोग केलेला असे. गाडी सुटतांना मोटारी एकसर जोडलेल्या असत, म्हणजे प्रत्येकीस थोडा दाब मिळे व आरंभींचा झटका बसत नसे. वेग आला कीं जोडणी बदलून त्या समांतर होत व प्रत्येकीचा दाब वाढे. स्थानकांतून निघतांना गाडी हिसके देत देत वेग घेई तें अनेक पालकांस आठवत असेल. तीं यंत्रांतील रोध एक एक पायरीनें काढून घेतल्याचीं चिन्हें होतीं.

आतां त्या २५,००० व्होल्टांविषयीं. समजा, भरलेल्या गाडीस ३० लाख वॉट शक्ति हवी आहे. शक्ति म्हणजे दाब गुणिलें प्रवाह. दाब १५०० असेल तर प्रवाह २००० अँपियर लागेल. दाब २५,००० असेल तर १२० अँपियर पुरे. उपकेंद्रापासून गाडीपर्यंतच्या वाटेचा रोध एक दशांश ओहम धरूं. तारेंत उष्णता होऊन फुकट जाणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. मुलांनीं स्वतः गुणाकार करून पाहावा: पहिल्या रीतीनें ४,००,००० वॉट वाटेंतच जातात, दुसऱ्या रीतीनें १४४० वॉट. म्हणून जुन्या पद्धतींत उपकेंद्रें थोड्या थोड्या अंतरावर बांधावीं लागत. नव्या पद्धतींत तीं दूर दूर असलीं तरी चालतात. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते विरार हा बदल २०१२ सालीं पुरा झाला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, म्हणजे आपल्या घाटकोपर-मुलुंडवरून जाणाऱ्या, २०१५ सालीं. १५०० व्होल्टची शेवटची गाडी एप्रिल २०१६ मध्यें धांवली, ती कुर्ल्याहून छत्रपति शिवाजी टर्मिनसकडे. ज्या पट्ट्यावर ९१ वर्षांपूर्वीं आरंभ झाला होता, त्याच पट्ट्यावर.

दाब वाढला तशी भीतिही वाढली, आणि येथें आम्हांस थोडें कठोर बोलणें भाग आहे. तारेवर बसलेला कावळा मरत नाहीं, हें पाहून कित्येक मुलांस धीर येतो. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्या दोन पायांत दाबाचा फरक नाहीं. त्याच्या देहांतून विजेस परतीची वाट नाहीं. म्हणून तो वांचतो. मोठ्या पंखांचें वटवाघूळ दोन तारांमध्यें पंख पसरतें आणि मरून लोंबतें, तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. गाडीच्या छपरावर चढणारा मुलगा कावळा नव्हे, वटवाघूळ आहे. त्याच्या पायाखालीं लोखंडी छप्पर, छपराखालीं चाकें, चाकांखालीं रूळ; परतीची वाट सिद्ध आहे. त्यांतून २५,००० व्होल्टच्या तारेस हात लावण्याचीही गरज नाहीं. हात पुरेसा जवळ गेला कीं मधली हवाच फुटते आणि ठिणगी अंगावर येते. त्या तारेपासून दोन मीटर दूर राहावें असा रेल्वेचा नियम आहे, तो ह्यासाठींच. लोखंडी दांड्याची छत्री, लांब कांठी, धातूचा लेप दिलेला पतंगाचा मांजा, हीं सर्व हाताचीच लांबी वाढवितात.

आतां तो घरांतला प्रसंग. घाटकोपरच्या एका जुन्या चाळींत आमचा एक विद्यार्थी राहतो. श्रावणांत एके दिवशीं खोलींतील दिवा गेला. आईनें सांगितलें, आधीं बटण बंद कर. त्यानें बटण बंद केलें, तें बंद आहे हें दोनदां पाहिलें, लांकडी स्टुलावर चढला, आणि तोल सांवरण्यासाठीं डावा हात भिंतीस टेकून उजव्या हातानें दिवा काढूं लागला. त्याचें बोट होल्डरमधील पितळेस लागलें. पुढच्या क्षणीं तो खालीं पडला होता. मनगटाचें हाड मोडलें. परंतु पडला म्हणूनच हात सुटला व तो वांचला, असें आम्ही म्हणतों.

मुलानें चूक काय केली? कांहीं नाहीं. चूक त्याच्या जन्माआधींची होती. घरांत दोन तारा येतात. एकींत दाब असतो, तिला फेज म्हणतात. दुसरी परतीची, तिला न्यूट्रल म्हणतात व ती पुरवठ्याच्या ठिकाणीं जमिनीशीं जोडलेली असते. बटण फेजच्या तारेंत असावयास हवें. त्या खोलींत कोणीं वायरमनानें तें न्यूट्रलमध्यें बसविलें होतें. दिवा ह्यांत कांहींच फरक जाणत नाहीं. फेरा कोठेंही तोडला तरी तो विझतो, कोठेंही जोडला तरी लागतो. म्हणून ती चूक वर्षानुवर्षें मुकाट्यानें उजेड देत राहिली. बटण बंद केल्यावर तुटत होती ती परतीची वाट. येणारी वाट होल्डरपर्यंत जशीच्या तशी जागी होती. तिला परत जाण्यास रस्ता नव्हता, तो मुलाच्या देहानें दिला: उजव्या हातांतून, छातींतून, डाव्या हातांतून पावसानें ओलावलेल्या भिंतींत, आणि भिंतींतून जमिनींत. लांकडी स्टूल कोरडें होतें, त्यानें पायांकडची वाट अडविली. पण भिंतीकडची कोण अडविणार?

येथें ओहमचें गणित पुन्हा करावें. कोरड्या कातडीचा रोध लाख ओहमपर्यंतही असूं शकतो. तेव्हां २३० व्होल्टांनीं सुमारें दोन सहस्रांश अँपियर जातो, म्हणजे झिणझिण्या येतात. घामानें किंवा पावसानें भिजलेल्या देहाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. तेव्हां प्रवाह २३० सहस्रांश होतो. छातींतून जाणारे कांहीं दशक सहस्रांशही हृदयाची लय बिघडवावयास पुरतात. मुंबईच्या पावसाळ्यांत विजेचे अपघात कां होतात, ह्याचें उत्तर ह्या एका भागाकारांत आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां उपनगरांतील पुष्कळ भागांत वीज बंद ठेवण्यांत आली. लोक अंधारांत बसले व कुरकुरले. पण छातीभर पाण्यांत चालणाऱ्या माणसांस त्या अंधारानेंच सांभाळलें.

मुलाचें मनगट प्लास्टरमध्यें असतांना आम्ही त्याच्या घरीं गेलों होतों. वडिलांनीं दुसरा, परवानाधारक वायरमन बोलाविला होता. त्यानें प्रथम टेस्टर काढला. ह्या टेस्टरची गंमत मुलांस सांगण्यासारखी आहे: त्यांतही मंडल पुरें होतें तें धरणाऱ्याच्या देहांतूनच; परंतु आंत सुमारें दहा लाख ओहमचा रोध घातलेला असल्यामुळें प्रवाह सहस्रांशाच्याही अंशाएवढा राहतो व बोटास कळतही नाहीं. बटण बंद असतांना त्यानें टेस्टर होल्डरमध्यें लावला. तांबडा दिवा लागला. मुलाच्या आईनें तो पाहिला आणि ती कांहीं न बोलतां खुर्चीवर बसली.

वायरमनानें मुख्य बटण बंद करून दोन तारांची अदलाबदल केली. काम दहा मिनिटांचें होतें. मग त्यानें मीटरजवळ एक लहानशी पेटी बसविली. तिचें काम एवढेंच कीं, फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली ह्यांची सतत तुलना करावी, आणि ३० सहस्रांश अँपियरचीही तूट दिसली तर निमिषांत सारें तोडून टाकावें. कारण जी वीज ठरल्या वाटेनें परत आली नाहीं, ती दुसऱ्या कोणत्या तरी वाटेनें जात आहे. आणि ती वाट कदाचित् एखादें माणूस असेल. मुलगा एका हातानें पेटीवरचें तपासणीचें बटण दाबूं लागला. खट् असा आवाज होऊन पंखा थांबला, तेव्हां तो हंसला. वडिलांनीं खटका पुन्हा वर केला. त्यानें पुन्हा बटण दाबलें. आम्ही चहा घेऊन निघेपर्यंत त्यांचा हा उद्योग चालूच होता.